मालकांनी एकत्र सही करणे का सोडले? उद्योगस्तरीय वेतन करारांची उतरती कळा

अनुबंध (धागाकर्ता)

मुंबईतील १९८२ च्या गिरणी संपाविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यात कामगार आहेत, पुढारी आहेत, सरकार आहे. गिरणी मालक मात्र बहुतेक वेळा एकाच रंगात रंगवलेले असतात, जणू साठेक गिरण्यांचा मालक एकच होता. उद्योगस्तरावरील सामूहिक वाटाघाटी (संपूर्ण उद्योगासाठी मिळून एकच वेतन करार) का मावळल्या हे समजून घ्यायचे असेल, तर युनियन कशा दुबळ्या झाल्या हे विचारण्याआधी मालकांच्या संघटनांना आपल्याच सभासदांना एका कराराने बांधून ठेवणे का जमेनासे झाले, की नकोसेच झाले, हे तपासायला हवे असे मला वाटते. त्यासाठी हा धागा.

मुंबई गिरणी मालक संघ १८७५ मध्ये स्थापन झाला तो मजुरी ठरवण्यासाठी नव्हे. लँकेशायरच्या कापड उत्पादकांचा दबाव, आयात शुल्क आणि येऊ घातलेले कारखाना कायदे या त्याच्या पहिल्या चिंता होत्या. मजुरीचे दर, दंडाचे नियम आणि जॉबरची (कामगार भरती करणाऱ्या मुकादमाची) मर्जी गिरणीगणिक वेगळी असे. संघ मजुरीच्या प्रश्नावर ठळकपणे एकवटला तो कपातीसाठी. १९२५ मध्ये साडेअकरा टक्के कपात जाहीर झाली, कामगार संपावर गेले, आणि सरकारने कापडावरचे साडेतीन टक्के उत्पादन शुल्क स्थगित केल्यावर कपात मागे घेण्यात आली. सरकारशी चाललेल्या सौद्यात कामगारांची मजुरी हे मालकांच्या हातातले वजन होते, एवढे तरी या घटनेवरून स्पष्ट होते. सर्व गिरण्यांना लागू होईल असे एकसारखे दरपत्रक मांडण्याची तयारी मालकांनी दाखवली ती १९२८ च्या एप्रिल ते ऑक्टोबर अशा सार्वत्रिक संपाच्या रेट्याखाली, आणि तीही कमी माणसांकडून अधिक माग चालवून घेण्याच्या योजनेला जोडून. अखेर वाद चौकशीसाठी नेमलेल्या फॉसेट समितीकडे सोपवून तो संप मिटला.

उद्योगस्तरीय कराराला खरे बळ दिले ते १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने. एका स्थानिक क्षेत्रातील एका उद्योगासाठी एकच प्रातिनिधिक युनियन आणि समोर मालकांची मान्यताप्राप्त संघटना अशी त्याची रचना होती. कापड गिरण्यांत ती जागा राष्ट्रीय मिल मजदूर संघाला मिळाली. १९४७ च्या निवाड्याने मुंबईच्या गिरण्यांत किमान मूळ वेतन ३० रुपये ठरले आणि त्यावर राहणीमानाच्या निर्देशांकाला जोडलेला महागाई भत्ता आला. बोनसचे जे सूत्र पुढे देशभर प्रमाण मानले गेले, तेही १९५० मध्ये याच दोन पक्षांच्या वादातून निघाले. परळच्या गिरणीतला विणकर आणि कुर्ल्याच्या गिरणीतला विणकर यांचे वेतन एका सूत्रात आले, ही त्या व्यवस्थेची मोठी कमाई होती, आणि ती आज फारसे कोणी मोजत नाही.

मात्र एका करारात बसवलेल्या गिरण्या एकसारख्या राहिल्या नाहीत. आजारी गिरण्या १९७४ नंतर राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेल्या; चांगल्या चाललेल्या खासगी गिरण्यांनी प्रक्रिया विभागात आणि नाममुद्रेच्या कापडात पैसा घातला; आणि साध्या कापडाचे विणकाम भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांकडे सरकले, जेथे गिरणी मालक संघाचा कोणी सभासद नव्हता. समान वेतन एका सभासदाला हलके आणि दुसऱ्याला जड जाऊ लागले. १९८१ च्या ऑक्टोबरमध्ये बोनसवरून स्टँडर्ड मिलचे कामगार कामगारनेते डॉ. दत्ता सामंतांकडे गेले, तेव्हा पहिली ठिणगी तुलनेने बऱ्या चाललेल्या गिरणीत पडली, हे मला महत्त्वाचे वाटते.

जाणकारांनी आपापल्या उद्योगाचा अनुभव मांडावा.

लालबागकर

मांडणी विचार करायला लावणारी आहे, पण मालक संघ दुबळा झाला होता हे १९८२ पुरते मला पटत नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार बाहेर होते, आणि संप लांबत गेला तरी मालकांची फळी म्हणण्यासारखी फुटली नाही. एखाद्या बऱ्या गिरणीने सामंतांशी स्वतंत्र करार करून उत्पादन सुरू केले असते, तर संपाचे चित्र वेगळे झाले असते. तसे का झाले नाही? एक कारण असे की गोदामांत माल पडून होता आणि बाजार मंद होता, त्यामुळे संप काही मालकांच्या पथ्यावरच पडला. दुसरे कारण कायद्याचे होते. प्रातिनिधिक युनियन राष्ट्रीय मिल मजदूर संघ असताना दुसऱ्या कोणाशी बोलणे मालकांवर बंधनकारक नव्हते, आणि 'आम्ही कायद्याने बांधलेलो आहोत' हे वाक्य त्यांना आयते मिळाले. सरकारलाही सामंतांना मान्यता देण्यात धोका दिसत होता, कारण ती एकदा दिली असती तर मुंबईतील इतर उद्योगांतही तोच पायंडा पडला असता.

तेव्हा माझे म्हणणे असे, की मालकांची एकजूट होती, परंतु ती कायद्याकडून उसनी घेतलेली होती. ज्या युनियनवर बहुसंख्य कामगारांचा विश्वास उरला नव्हता, तिच्याशी केलेला करार उद्योगस्तरीय म्हणायचा तरी कसा? त्या कराराखाली सही दोघांची होती, पण एका सहीमागे माणसे नव्हती.

पुढचा भाग अधिक कडू आहे. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनी विकण्याची वाट उघडली, आणि त्यानंतर तीच प्रातिनिधिक युनियन गिरणीगणिक स्वेच्छानिवृत्तीचे आणि जमीनविक्रीचे करार करू लागली. वेतन सर्वांचे एकत्र ठरत होते. देणी मात्र एकेका गिरणीत, एकेका मालकाच्या तयारीनुसार ठरली. उद्योगस्तरीय वाटाघाटींचा शेवट कोणत्या दिवशी झाला असे कोणी विचारले, तर मी संपाचा नव्हे, त्या काळाचा निर्देश करेन.

ताळेबंद

मी अभियांत्रिकी कारखान्यांच्या मनुष्यबळ विभागात आयुष्य काढले, ठाणे-बेलापूर पट्ट्यात आणि नंतर पुणे परिसरात. आमच्याकडे उद्योगस्तरीय करार मोडला असे म्हणता येणार नाही, कारण तो कधी नव्हताच. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याने युनियनला मान्यता दिली ती एका उपक्रमापुरती: सहा महिने किमान ३० टक्के सभासदत्व दाखवा आणि त्या कारखान्यात मान्यता मिळवा. जेथे १९४६ चा कायदा लागू आहे तेथे मान्यतेचे हे प्रकरण लागू नाही. म्हणजे एकाच राज्यात, कधी कधी एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना, वाटाघाटींच्या दोन वेगवेगळ्या पातळ्या नांदत होत्या. डॉ. सामंतांची कीर्ती झाली ती या दुसऱ्या, कारखानानिहाय जगात. एका कारखान्याचे दार बंद पाडले की त्या मालकाचा ग्राहक शेजाऱ्याकडे जातो, हे त्यांच्या ताकदीचे मर्म होते. गिरण्यांत सर्वच दारे एकदम बंद झाली, आणि एका मालकाला दुसऱ्याची भीती उरली नाही.

व्यवस्थापनाच्या बाजूने स्पष्ट सांगायचे तर कारखानानिहाय करार आम्हाला सोयीचा होता. तीन वर्षांचा करार करताना पगारवाढीच्या बदल्यात उत्पादनाचे प्रमाण, यंत्रांवरील माणसांची संख्या, कॅन्टीन, बस, पाळ्यांची वेळ अशा सगळ्या गोष्टी एकाच टेबलावर येत. उद्योगस्तरीय करारात फक्त रुपये ठरतात, काम ठरत नाही. मालकाला रुपयांपेक्षा कामाच्या नियमांवर हात मोकळा हवा असतो.

तरीही मालक एकटे होते असे समजू नका. शेजारच्या कारखान्यात किती वाढ झाली, किती काळासाठी, कोणत्या अटींवर, याची माहिती मनुष्यबळ अधिकाऱ्यांच्या बैठकांतून नेमाने फिरत असे. लवादात आणि न्यायालयातही त्या परिसरातील तशाच उद्योगाचे वेतन हा तुलनेचा आधार असतो. तेव्हा समन्वय होताच. फक्त त्याखाली कोणाची सही नव्हती. एम्प्लॉयर्स फेडरेशन ऑफ इंडिया ही १९३३ पासूनची मुंबईतील संस्था, वेगवेगळे चेंबर, त्यानंतरच्या उद्योग महासंघटना: या सर्व कायद्याविषयी सल्ला देतात, सरकारपुढे बाजू मांडतात, त्रिपक्षीय परिषदांत बसतात. सभासदाच्या वतीने वेतन करार करण्याचा अधिकार मात्र सभासद त्यांना देत नाहीत, आणि या संस्थाही तो मागत नाहीत.

अनुबंध (धागाकर्ता)

@ताळेबंद, आपल्या शेवटच्या परिच्छेदात या धाग्याचा गाभाच आला आहे. मालकांचे एकत्र येणे संपलेले नाही. एकत्र येऊन जबाबदारी घेणे संपले आहे. माहितीची देवाणघेवाण, कायद्यात बदल घडवून आणण्याची मोहीम आणि समान सल्लागार असा संघटित व्यवहार चालू आहे, पण ज्या व्यवहाराने सभासदावर बंधन येईल तो टाळला जातो.

@लालबागकर, उसन्या एकजुटीचा मुद्दा मी मान्य करतो, पण थोडा पुढे नेतो. कायद्याने जशी युनियनला सभासदांच्या इच्छेवाचून जागा दिली, तशी मालक संघालाही दिली. अहमदाबादची परंपरा वेगळी होती. १९१८ च्या लढ्यात एका बाजूला, कामगारांकडून, अनसूयाबेन आणि दुसऱ्या बाजूला मालकांचे नेते असलेले त्यांचेच बंधू अंबालाल साराभाई होते, आणि त्यातून पुढे मजूर महाजन ही कामगार संघटना व तेथील मालक संघ यांच्यात लवादाची रीत रुजली. ती कायद्याआधीची होती. ती फार आदर्श होती असे मी म्हणत नाही. अहमदाबादच्या गिरण्याही पुढे बंद पडल्याच. पण मुंबईत ती सवयच नव्हती, आणि कायदा सवयीची जागा घेऊ शकत नाही.

पासबुक

बँकिंगकडे पाहिल्याशिवाय ही चर्चा एकांगी राहील. आमच्याकडे उद्योगस्तरीय करार आजही जिवंत आहे. इंडियन बँक्स असोसिएशन १९४६ मध्ये मुंबईत स्थापन झाली. आधी शास्त्री आणि देसाई या नावांनी ओळखले जाणारे निवाडे होते. १९ ऑक्टोबर १९६६ रोजी पहिला द्विपक्ष करार झाला आणि तेव्हापासून न्यायाधिकरणाऐवजी टेबलावर वेतन ठरू लागले. बारावा करार ८ मार्च २०२४ रोजी झाला, १७ टक्के वाढीचा, आणि तो १ नोव्हेंबर २०२२ पासून लागू धरला गेला. गडचिरोलीच्या शाखेतील लिपिक आणि नरिमन पॉइंटच्या शाखेतील लिपिक एकाच वेतनश्रेणीत आहेत.

हे टिकले त्याचे कारण सरळ आहे: बहुतेक मोठ्या सभासद बँकांचा मालक एकच, म्हणजे केंद्र सरकार आहे. असोसिएशनला प्रत्येक बँकेकडून वाटाघाटीचा अधिकार लेखी घ्यावा लागतो, आणि बँका तो देतात कारण वरून तशी अपेक्षा असते. कोळसा उद्योगातही हेच दिसते. वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफिल्ड्स या सरकारी कंपनीच्या) चंद्रपूर-वणी भागातील खाणकामगारांचे वेतन देशपातळीवरील संयुक्त समितीत ठरते, आणि २०२३ चा अकरावा करार १९ टक्के किमान लाभाचा झाला. मात्र त्याच खाणीत ठेकेदाराच्या डंपरवर बसलेला चालक त्या करारात नसतो.

आमच्याकडेही भेगा पडू लागल्या आहेत. काही मोठ्या बँकांनी अधिकाऱ्यांच्या बाबतीत तिसऱ्या श्रेणीपर्यंतच अधिकार दिला, वरच्या श्रेणींचा दिला नाही. २०२० च्या अकराव्या करारात कामगिरीशी निगडित प्रोत्साहन भत्ता आला: बँकेच्या कार्यकारी नफ्यातील वाढ ५ टक्क्यांखाली असेल तर काहीच नाही, आणि १५ टक्क्यांवर गेली तर १५ दिवसांचे वेतन. रक्कम छोटी आहे, पण तत्त्व बदलले. आता माझ्या आणि शेजारच्या बँकेतील समान पदावरच्या व्यक्तीच्या पगारात आमच्या बँकांच्या नफ्यामुळे फरक पडतो, आणि हे कलम उद्योगस्तरीय करारातच लिहिलेले आहे. नव्या पिढीच्या मोठ्या खासगी बँका तर या कराराच्या बाहेरच वाढल्या. गिरण्यांच्या बाबतीत भिवंडीने जे केले ते आमच्या बाबतीत त्या करत आहेत, असे म्हणायला हरकत नाही.

नेकारकाठ

मी श्टुटगार्ट परिसरात यंत्रनिर्मितीच्या क्षेत्रात काम करतो. येथील अनुभव अनुबंध यांच्या मुद्द्याला थेट लागू पडतो, म्हणून लिहितो. जर्मनीत धातू आणि विद्युत उद्योगाचे वेतन 'आयजी मेटल' ही युनियन आणि मालकांच्या प्रादेशिक संघटना यांच्यात ठरते. आमच्या बाडेन-व्युर्टेमबर्गमध्ये झालेला करार अनेकदा देशातील इतर प्रदेशांसाठी नमुना ठरतो. २०२४ च्या नोव्हेंबरमधील करारात एप्रिल २०२५ पासून २ टक्के आणि एप्रिल २०२६ पासून ३.१ टक्के वाढ ठरली. (फोल्क्सवागेनचा करार मात्र कंपनीचा स्वतंत्र आहे, बाहेरच्यांना तो उद्योगाचाच वाटतो.)

येथे मालक संघटनांनी एक विलक्षण तोडगा काढला. पूर्व जर्मनीतील आणि मध्यम आकाराच्या कंपन्या संघटना सोडून जाऊ लागल्या, तेव्हा १९९० च्या दशकापासून 'कराराच्या बंधनाशिवाय सभासदत्व' असा वर्ग सुरू झाला. वर्गणी भरा, कायदेशीर सल्ला घ्या, संघटनेच्या सभांना या, पण वेतन करार तुम्हाला लागू होणार नाही. संघटनेची सभासदसंख्या टिकली आणि कराराची व्याप्ती घटली. पश्चिम जर्मनीत १९९८ मध्ये सुमारे ७६ टक्के कामगार सामूहिक कराराखाली होते. आज संपूर्ण देशात ते प्रमाण निम्म्याच्या आसपास आहे. त्यातच २००४ च्या फोर्झहाइम करारानंतर, नोकऱ्या टिकवण्यासाठी किंवा गुंतवणुकीसाठी, कारखान्याला युनियनच्या संमतीने उद्योगस्तरीय करारापासून ठरावीक काळ वेगळे होता येते.

माझ्या मते दुसरा बदल व्यवस्थेला लवचीक करून टिकवणारा होता, आणि पहिला तिला आतून पोखरणारा. सवलत मागणारा कारखाना कराराच्या घरात असतो आणि युनियनपुढे हिशेब मांडतो. बंधनाशिवायचा सभासद हिशेब मांडतच नाही. उलट फ्रान्समध्ये युनियनचे सभासद दहाएक टक्केच असूनही नव्वद टक्क्यांहून अधिक कामगार करारांखाली आहेत, कारण तेथे सरकार उद्योगाचा करार संघटनेबाहेरच्या मालकांनाही लागू करते. म्हणजे युनियन दुबळी असूनही करार टिकतो, जर मालकाला बाहेर जाण्याचा दरवाजा बंद असेल.

उसाचा मळा

मराठवाड्यातील आणि पश्चिम महाराष्ट्रातील साखर कारखानदारी हा उद्योगस्तरीय कराराचा एक मोठा जिवंत नमुना आहे, आणि शहरी चर्चेत तो सहसा येत नाही.

येथे दोन वेगळे करार आहेत. पहिला कारखान्यातील कायम कामगारांचा, तो त्रिपक्षीय समितीत ठरतो: साखर संघ (सहकारी साखर कारखान्यांची राज्य संघटना) व खासगी कारखान्यांचे प्रतिनिधी, कामगारांच्या संघटना आणि शासन. जुलै २०२५ मध्ये १० टक्के पगारवाढ ठरली ती याच मार्गाने. दुसरा करार ऊसतोड कामगारांचा. त्यात एका बाजूला साखर संघ आणि दुसऱ्या बाजूला ऊसतोड कामगार, वाहतूकदार आणि मुकादमांच्या (तोडणीच्या टोळ्या आणणाऱ्यांच्या) संघटना असतात. जानेवारी २०२४ मध्ये शरद पवार आणि पंकजा मुंडे यांच्या लवादात तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली आणि मुकादमांचे कमिशन एक टक्क्याने वाढून २० टक्के झाले.

आता गंमत पाहा. ऊसतोड कामगाराला कारखाना आपला कामगार मानतच नाही. तो मुकादमाचा, मुकादम वाहतूकदाराचा, आणि वाहतूकदाराशी कारखान्याचा करार. हजेरीपट नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही, उचल (आगाऊ रक्कम) घेतलेल्या जोडप्याला एक कोयता म्हणून मोजले जाते. तरीही ज्या नात्यात कारखाना आपण मालक असल्याचे कायद्याने नाकारतो, त्याच नात्याचा दर कारखान्यांची संघटना राज्यभरासाठी एकत्र ठरवते आणि त्याखाली सही करते. असे का?

याची दोन कारणे मला दिसतात. गाळप हंगाम काही महिन्यांचा असतो आणि सगळ्या कारखान्यांना एकाच वेळी त्याच टोळ्या हव्या असतात; दर मोकळा सोडला तर कारखाने एकमेकांच्या टोळ्या पळवतील आणि दर चढत जाईल. समान दर हा कामगारांपेक्षा कारखान्यांनी एकमेकांपासून केलेला बचाव आहे. (तरीही चढाओढ होतेच, ती उचलीच्या रकमेत होते.) दुसरे कारण असे की तोडणी आणि वाहतुकीचा खर्च शेतकऱ्याला मिळणाऱ्या उसाच्या दरातून वजा होतो. ज्या वाढीचा भार दुसऱ्याच्या बिलातून कापता येतो, तिच्यावर सही करताना हात अडखळत नाही. कायम कामगारांच्या करारात हा मार्ग नाही, आणि म्हणून तेथे करार रेंगाळतात, लागू झाले तरी थकबाकी साचते.

पंचगंगा

उसाचा मळा यांनी दिलेले दुसरे कारण इचलकरंजीत नेमके उलटे लागू होते. आमच्याकडे यंत्रमाग कामगाराची मजुरी पिकावर (कापडात विणलेल्या आडव्या धाग्यांच्या मोजणीवर) ठरते आणि ती महागाईशी जोडण्याचे करार शहरपातळीवर झालेले आहेत. समोर यंत्रमागधारकांच्या संघटना असतात. पण यंत्रमागधारकांत मोठा वर्ग खर्चीवाल्यांचा आहे: व्यापारी सूत किंवा बिमे (गुंडाळलेला ताणा) देतो, खर्चीवाला कापड विणून देतो आणि त्याला मीटरमागे किंवा पिकामागे मजुरी मिळते. मजुरीवाढीची मागणी आली की तो म्हणतो, 'मला व्यापाऱ्याने वाढ दिली तर मी देईन', आणि व्यापारी त्या टेबलावर बसलेलाच नसतो. ज्यांच्या हातात भाव आहे ते संघटनेबाहेर आणि ज्यांच्या हातात भाव नाही ते संघटनेत, अशी स्थिती असेल तर करार होऊनही पाळला जात नाही. दरवर्षी वाढ जाहीर होते आणि दरवर्षी ती लागू करायची की नाही यावर पुन्हा वाद होतो.

मुंबईच्या गिरण्यांचे कापड आमच्याकडे आले, असे वर म्हटले आहे. कापड आले, पण गिरणी मालक संघासारखी एक जबाबदार बाजू आली नाही. आठ-दहा मागांचा मालक कधी कधी स्वतःही मागावर उभा राहतो. त्याला मालक म्हणून वाटाघाटीला बोलावले तर तो कामगारांपेक्षा फार वेगळा दिसत नाही.

मस्जिदबंदर

पंचगंगा यांनी सांगितलेल्या अडचणीवर महाराष्ट्रानेच एक उत्तर शोधलेले आहे, आणि ते अर्ध्या शतकाहून जुने आहे. माथाडी कामगारांचा मालक कोण, हाही असाच प्रश्न होता. हमाल आज या पेढीवर, उद्या त्या पेढीवर. अण्णासाहेब पाटील यांच्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा झाला. धंद्यानिहाय मंडळे स्थापन झाली, त्यांत मालक, कामगार आणि शासन यांचे प्रतिनिधी बसले, आणि त्या धंद्यातील प्रत्येक मालकाला नोंदणी करणे भाग पडले. मजुरी मंडळात जमा होते, तिच्यावर लेव्ही (मजुरीवरचा ठरावीक आकार) भरावी लागते आणि त्यातून भविष्यनिर्वाह निधी, उपदान, बोनस वगैरे दिले जातात. दर व्यापाऱ्यांच्या संघटना आणि युनियन यांच्यात ठरतो. पण तो सर्व नोंदणीकृत मालकांना लागू होतो, संघटनेचे सभासदत्व असो वा नसो.

येथे मालक संघटनेला शिस्त लावण्याची गरजच पडत नाही, कारण पैसे मंडळातून जातात. अर्थात बनावट टोळ्या, वसुली, नोंदणी टाळणे हे रोग या व्यवस्थेलाही लागले आहेत, आणि कायद्यात बदल करण्याच्या मागणीला त्यांचेच कारण दिले जाते. ती तक्रार पूर्ण खोटी नाही. पण ज्या धंद्यात नोकरीचे स्थिर नातेच नव्हते, तेथे निवृत्तीनंतर हाती काही रक्कम येते, हे त्या तक्रारींच्या बरोबरीने सांगायला हवे.

ताळेबंद

फ्रान्सचे आणि माथाडींचे उदाहरण वाचून एक व्यावहारिक शंका मांडतो. मालकाला बाहेर जाण्याचा दरवाजा बंद करा, असे म्हणणे सोपे आहे. पण दरवाजा बंद केल्यावर तो राज्याबाहेर जातो. मालाची हमाली बाजारपेठेजवळच होणार, ऊस शेताजवळच्याच कारखान्यात जाणार, कोळसा जेथे आहे तेथेच निघणार. जे तीन-चार नमुने येथे जिवंत म्हणून मांडले गेले, ते एक तर जागेला बांधलेले आहेत किंवा त्यांचा मालक सरकार आहे. मोटारीचे सुटे भाग चाकणमध्येही बनतात आणि गुजरातमधील साणंद, तमिळनाडूतील होसूरमध्येही. चाकणच्या मालकांच्या संघटनेने उद्या समान वेतनावर सही केली, तर तिच्या सभासदांची पहिली हरकत मजुरीवर नसेल, राज्याच्या सीमेवर असेल. शिवाय ज्या मोठ्या मोटार कंपनीला ते माल पुरवतात, ती त्या टेबलावर नसेलच. खर्चीवाला आणि व्यापारी यांचे नाते तेथेही आहे, फक्त इमारती चकाचक आहेत.

अनुबंध (धागाकर्ता)

@ताळेबंद, ही शंका टाळण्यासारखी नाही, आणि म्हणूनच नव्या कायद्याकडे पाहावे लागते. औद्योगिक संबंध संहिता २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. देशपातळीवरचा कायदा असल्याने, राज्याच्या सीमेचा जो अडसर आपण सांगता, तो ओलांडण्याची संधी तेथे होती. पण संहितेने वाटाघाटींचा केंद्रबिंदू आस्थापना हाच ठेवला. आस्थापनेत ५१ टक्के कामगार ज्या युनियनचे सभासद असतील ती एकटी वाटाघाटी करील, आणि तशी कोणी नसेल तर किमान २० टक्के कामगारांमागे एक प्रतिनिधी अशी परिषद बसेल. युनियनला कोणाच्या वतीने बोलता येईल, हे त्यात टक्क्यांनी ठरवले आहे. मालकांच्या संघटनेला कोणाच्या वतीने बोलावेच लागेल, असा प्रश्न मात्र त्या चौकटीत उभाच राहत नाही. लालबागकर यांची तक्रार होती की १९४६ च्या कायद्याने कामगारांची निवड हिरावून घेतली. ती तक्रार रास्त होती, आणि ५१ टक्क्यांच्या कसोटीने तिला काही उत्तर मिळते. परंतु त्याच जुन्या कायद्यातील दुसरा अर्धा भाग, म्हणजे मालकांनी एकत्र येऊन बांधील होण्याची तरतूद, कोणाच्या आग्रहाचा विषयच झाला नाही. युनियननीही तो फारसा लावून धरला नाही, असे मला दिसते.

लालबागकर

युनियननी तो का लावून धरला नाही, याचे कारण मी सांगू शकतो. उद्योगस्तरीय करार म्हटले की मुंबईतल्या कामगार कार्यकर्त्यांना राष्ट्रीय मिल मजदूर संघ आठवतो, आणि वरून लादलेली युनियन आठवते. १९८२ ने एक संपूर्ण पिढी कारखानानिहाय, अंतर्गत युनियनकडे वळवली. ठाणे, पुणे येथील बलवान कंपनी युनियननी आपल्या सभासदांना चांगले पगार मिळवून दिले. शेजारच्या शेडमधील ठेका कामगार त्यांच्या करारात नव्हता, आणि तो असावा असा हट्टही बहुतेकांनी धरला नाही. मालकांनी एकत्र सही करणे सोडले हे खरे, पण ती सही मागणारेही कमी झाले.

@उसाचा मळा, एक विचारायचे होते. कारखाना आजारी पडून दुसऱ्याला चालवायला दिला, तर त्रिपक्षीय कराराची थकबाकी कोणाकडे मागायची?

उसाचा मळा

@लालबागकर, भाडेतत्त्वावर कारखाना घेणारा बहुतेक वेळा करारपत्रात मागील देण्यांची जबाबदारी आपली नाही असे लिहून घेतो, आणि चालू वेतन तेवढे मान्य करतो. जुना कारखाना कागदावर सहकारी संस्था म्हणून राहतो, त्याच्यावर बँकेचा बोजा असतो, आणि कामगारांचा दावा न्यायालयात किंवा सहायक कामगार आयुक्तांकडे चालू राहतो. साखर संघाकडे गेल्यास संघ दर ठरवण्यास बांधील आहे, दिले की नाही हे पाहण्यास नाही, असे उत्तर मिळते. त्यामुळे आमच्या भागातील कामगार संघटनांची मागणी सध्या पगारवाढीच्या टक्केवारीपेक्षा वेगळी आहे: कारखाना भाड्याने देण्याच्या किंवा विकण्याच्या करारातच कामगारांची थकबाकी बँकेच्या बरोबरीने लिहिली जावी, आणि तसे नसेल तर गाळप परवानाच अडवला जावा. साखर आयुक्तालयाकडे ऊसबिल थकल्यावर मालमत्ता जप्त करून वसुली करण्याचा मार्ग शेतकऱ्यांसाठी आहे. कामगारांच्या थकीत पगारासाठीही तितकाच धारदार मार्ग असावा, एवढेच ते म्हणत आहेत.